उसाच्या लागणीआधी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

यंदा पाऊस चांगला झाला, विहीर तुडुंब भरली आहे, म्हणून मळ्यातल्या दोन एकरांत सुरू उसाची (जानेवारी-फेब्रुवारीत लावायच्या) लागण करावी, असा विचार तू कळवलास. शेतीचा कारभार आता तुझ्या हाती आहे आणि निर्णयही तूच घ्यायचा आहेस. परंतु बेण्याचा इसार देण्यापूर्वी माझे म्हणणे शांतपणे वाच.

आपला लातूर जिल्हा काळ्या कातळावर वसलेला आहे. या कातळात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत; गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीखाली असतो तसा खोल, विस्तीर्ण साठा इथे नाही. त्यामुळे विहीर एका पावसाळ्यात भरते आणि उपसा वाढला की त्याच उन्हाळ्यात तळ गाठते. शेजाऱ्यांच्या विहिरींनाही त्याच मुरमातून पाझर येतो, म्हणून आपली मोटार जास्त तास चालली की बांधापलीकडची विहीर खालावते. मग लोक बोअर घेतात, तो कोरडा गेला की आणखी खोल घेतात, आणि कर्ज मात्र मागे उरते.

उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागते. एकरभर रानावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर, म्हणजे एका एकराला ८० लाख लिटर. त्यातले ५०० मिलिमीटर पावसाचे धरून वजा केले, तरी ६० लाख लिटर विहिरीतून काढावे लागतात. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा ५० वाघिणींची गाडी एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी आणत असे. शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावण्याची वेळ आली होती. अशा दोन गाड्यांहून अधिक पाणी आपण एका एकरात ओतणार, हे मला पटत नाही.

ठिबक केले तर पाणी वाचेल, हे खरे आहे. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी अर्धा एकर ऊस वाढवायचा, अशीच आपल्याकडची रीत असल्याने विहिरीवरचा भार कमी होत नाही. शिवाय ऊस एप्रिल-मेमध्येही रानात उभा असतो, आणि तेव्हाच विहिरीत सर्वांत कमी पाणी असते. हरभरा मात्र फेब्रुवारी-मार्चपर्यंत निघून जातो. आपल्या भारी जमिनीतल्या ओलीवर तो बराचसा वाढतो; फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी दिली तरी एकरी साधारण पाच लाख लिटरांत भागते. करडईची मुळे खोल जातात, त्यामुळे तिला त्याहूनही कमी लागते.

लोक उसाकडे का वळतात, हे मी जाणतो. उसाला एफआरपीचा, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराचा, कायदेशीर आधार आहे, कारखाना ऊस उचलतो, आणि अवकाळी पावसाने तो हरभऱ्यासारखा हातचा जात नाही. तूर-हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर सुरू होईलच, असे नाही. हा अन्याय आहे आणि सरकारने तो दूर केलाच पाहिजे. जोवर कडधान्याची खरेदी उसाइतकी खात्रीची होत नाही, तोवर एकट्या शेतकऱ्याला दोष देणे मला मान्य नाही. तरीही आपल्याला दाळमिलांमुळे लातूरची मोठी बाजारपेठ जवळ आहे आणि घरी माल ठेवायला जागाही आहे, म्हणून ही जोखीम आपण पेलू शकतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आपल्यापेक्षा कमी पाऊस पडतो. तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने शेतीसाठी बोअर घेणे आणि ऊस, केळी लावणे बंद केले. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिके ठरतात. प्यायचे पाणी आधी बाजूला काढतात, मग शेतीचे. आपल्या ग्रामसभेत हा विषय तू मांडावास, असे मला मनापासून वाटते, कारण एका घराने ऊस सोडला आणि शेजाऱ्याने तेच पाणी उपसले, तर भूजल वाचत नाही.

तूर्त दोन एकरांत हरभरा घे आणि उरलेल्या रानात ज्वारी व करडई पेर. कडब्याची सोयही होईल. हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत लावायला विसरू नकोस. दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीची पातळी टेपने मोजून वहीत लिही. ग्रामसभेत बोलताना तेच आकडे उपयोगी पडतील. मी दिवाळीनंतर येतो, तेव्हा बाकीचे समक्ष बोलू.

तुझे अण्णा