सापाच्या अंगावरचे गोचीड

ती. आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. फोनवर अर्धवट ऐकलेल्या सापाच्या गोष्टीने आईची झोप उडू नये, म्हणून सविस्तर लिहिते. साप माझा नाही, माझ्यासोबत राहणाऱ्या मुलीचा आहे. इथे जर्मनीत काही लोक कुत्र्यामांजरासारखे साप पाळतात. त्याला काचेची पेटी, उबेला दिवा आणि हिने तर वाढदिवसही ठरवला आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे असे नाग-धामण पाळता येत नाहीत, हे बाबांचे म्हणणे खरे. पण हा मूळचा अमेरिकेतला, बिनविषारी कॉर्न स्नेक आहे.

ती पंधरा दिवस गावी गेली आणि साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसू लागला. उकडत असेल, असे मला वाटले. पण तळाशी मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले, तेव्हा बाबा बैलाच्या कानामागे गोचीड शोधतात ते आठवले. हे माइट म्हणजे गोचिडांचेच भाऊबंद, रक्त पिणारे, पण मोहरीहून बारीक आणि डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या खवल्यांत दडणारे. वेचून ते संपत नाहीत, कारण मादी अंडी घालते ती पेटीच्या सांदीकोपऱ्यात. म्हणून भुसा पिशवीत बांधून फेकला, पेटी कढत पाण्याने घासली, आत साधा कागद अंथरला, सापाला कोमट पाण्यात ठेवले आणि डॉक्टरांनी दिलेले फिप्रोनिल नावाचे गोचीड मारायचे औषध फडक्यावर घेऊन, डोळे व तोंड टाळून, अंगावरून पुसले. अंड्यांतून नवे निघतातच, त्यामुळे हे सगळे पुन्हा करावे लागले. गोठा तसाच ठेवून नुसता बैल धुण्यात अर्थ नाही, हे बाबा आता तरी मानतील.

ते माणसाच्या अंगावर घर करत नाहीत. चावले तर पुरळ उठते. माझ्या मनगटावर उठले होते, गेलेसुद्धा, म्हणून तेव्हा कळवले नाही. नागपंचमीला मी काही चिरले नाही, तवाही ठेवला नाही.

बाबा, कंबर दुखत असताना खांदेमळणीला एकट्याने बैल धुऊ नका. गडी लावावा म्हणून या वेळी हप्त्याखेरीज पाच हजार जास्त पाठवले आहेत. पोळ्याला यायचे जमणार नाही, दिवाळीचे तिकीट मात्र पाहते आहे. अंबाजोगाईच्या पाहुण्यांना तोवर थांबायला सांगा, आणि त्यांच्यापुढे सापाचा विषय काढू नका.

तुमची मोठी लेक