'मुळशी पॅटर्न' पोरांना सोबत घेऊन बघा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका ताईंचं पत्र आलं होतं की असल्या कोयत्या-बंदुकीच्या पिक्चरनी पोरं वाया चाललेत, ते घरात लावूच नयेत. ताईंची काळजी खरी आहे, मला बी दोन लेकरं आहेत. पण त्यांनी त्यात 'मुळशी पॅटर्न'चं नाव घेतलं म्हणून हे पत्र लिहायलो, कारण तो पिक्चर आपल्या भागात तर घरोघर बघायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

माझं बिडकीनला फ्लेक्सचं दुकान आहे. दोन वर्षाखाली एक पोरगं वाढदिवसाचा बॅनर करायला आलं, दहा बाय पंधराचा, मोबाईलवर त्या पिक्चरमधल्या राह्याचा, म्हणजे गुंड झालेल्या हिरोचा फोटो दाखवला आन् म्हणलं असंच पाहिजे, गॉगल, मागं धूर, नावाच्या पुढं 'भाई'. सोबत त्याचे वडील होते, पैसे तेच देणार होते, धोतराच्या गाठीतून नोटा काढून मोजायलेले. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो बसवत होतो तर मी सहज म्हणलं वडलांचा पण टाकू का, तर पोरगं म्हणलं नको, जागा पुरत नाही. म्हातारा काहीच बोलला नाही, पैसे परत एकदा मोजले आन् माझ्यापुढं ठेवले. त्यांचं चार एकर वावर त्याच वर्षी विकलेलं होतं हे मला नंतर कळालं.

आता सांगा, त्या पोरानं पिक्चर बघितलाय का? त्यानं फक्त रील बघितलेत, अर्ध्या मिनिटाची एंट्री, म्युझिक, स्लो मोशन. प्रवीण तरडेंनी 2018 ला काढलेला पिक्चर गॉगलचा नाहीच, तो बापाचा आहे. मोहन जोशींनी केलेला सखाराम पाटील बघा, गावचा पाटील माणूस जमीन विकतो, पैसा बघता बघता उडतो, मग ज्या मातीचा मालक होता तिथंच वॉचमन म्हणून उभं राहायची पाळी येते, आन् शेवटी पुण्याला मार्केट यार्डात हमाली. त्यांचं ते खाली बघत उभं राहणं मला कुठल्याच मारामारीपेक्षा जास्त लागलं. राह्या गुंड होतो तो हौसेनं नाही होत, बापाची ही दशा डोळ्यानं बघून होतो, ओम भूतकरनी ते इतकं खरं केलंय की त्याचा राग पण येतो आन् कीव पण येते. उपेंद्र लिमयेंचा पोलिसवाला पण जबरदस्त.

मुळशी म्हणजे हिंजवडीचा आयटी पार्क ज्या तालुक्यात आहे तो. तिकडं कंपन्या आल्या, आपल्याकडं शेंद्रा आन् बिडकीन मिळून दहा हजार एकराच्या आसपास जमीन इंडस्ट्रीसाठी गेली, जालन्याकडं समृद्धी महामार्गाला गेली. कारखाने येऊ नयेत असं मी म्हणत नाही, माझा धंदा त्याच्यावरच वाढलाय. पण पैसा आला त्या साली इथं किती नव्या स्कॉर्पिओ आल्या आन् त्यातल्या किती फायनान्सवाल्यानी ओढून नेल्या हे इथल्या कुणालाबी विचारा.

कमी आहे ती पण सांगतो. मारामारी लांबलीय, काही ठिकाणी गाण्यानी गुंडाला नको तेवढं चढवलंय, त्यामुळंच ते रील निघतात, इथं ताईंचं म्हणणं मला पटतं. हिंदीत याचाच 'अंतिम' निघाला 2021 ला, तो नाही बघितला तरी चालेल, तिथं सलमान खान पोलिस आहे त्यामुळं सगळी नजर त्याच्यावर आन् बाप मागं पडला. सचिन खेडेकरांसारखा माणूस असून पण.

मी माझ्या मोठ्यासोबत बसून बघितला, अकरावीला आहे तो. वॉचमनचा सीन आला तसं ते उठून बाहेर गेलं, मला वाटलं बोअर झालं असंल. दहा मिनिटानी आलं आन् विचारलं, बाबा, आपल्या खालच्या वावराला तो एजंट आलता त्याला तुम्ही काय सांगितलं? मी पिक्चर तिथंच थांबवला. सातबारा काढून त्याला पहिल्यांदा दाखवला, कुणाचं नाव कुठं लागलंय, बोजा किती, विहीर कुणाच्या हिश्श्यात. राहिलेला पिक्चर दुसऱ्या दिवशी बघितला.

तर ताई, लहान लेकरांना नका दाखवू, रक्तपात जास्तीचा आहे. पण मिसरूड फुटलेलं पोरगं घरात असंल तर त्याच्या वडलांना म्हणा एक रविवार काढा, मोबाईलवर नको, टीव्हीवर लावा आन् दोघं सोबत बसा.

आपला,
एक नियमित वाचक, बिडकीन, ता. पैठण