फोटो छापा, पत्ता छापू नका

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण शृंगी घुबडाचं मोठं रंगीत छायाचित्र छापलंत. पंख पंख्यासारखे पसरलेले, पिसं फुललेली, नारिंगी डोळे थेट कॅमेऱ्याकडे. खाली ओळ, ‘रुबाबदार पोझ’. शेजारी गावाचं आणि ओढ्याचं नावसुद्धा! पोझ वगैरे काही नाही हो ती. पिलांपाशी माणूस आला की हे घुबड असं अंग फुगवून चोच कटाकटा वाजवतं. मागे सर, नाहीतर बघ, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

हे घुबड काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. दरडीच्या कपारीत उघड्या मातीवरच अंडी घालतं. पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याची वीण चालते आणि कॅमेरेवाल्यांच्या गाड्याही नेमक्या तेव्हाच आमच्या शिवारात येतात. मादी उठली की अंडी उन्हात पडतात. दिवसाढवळ्या उडालेल्या घुबडामागे कावळे लागतात ते वेगळंच.

फोटो काढायला आमची ना नाही. आढ्यावर पिंगळा ओरडला की आजही आमच्याकडे कुणीतरी दगड उचलतं. ही भीती भाषणांपेक्षा चांगल्या फोटोंनी लवकर जाते. भारतातला पहिला उलूक महोत्सव 2018 साली आमच्याच तालुक्यात, पिंगोरीत भरला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण काढायचा तर लांबून काढा, शक्यतो गाडीतूनच. बाभळीच्या ढोलीतला पिंगळा संध्याकाळी उजेड असतानाच फांदीवर येऊन बसतो आणि मान वरखाली करत उलट तुम्हालाच न्याहाळतो. त्याच्यावर फ्लॅश कशाला मारायचा? मोबाइलवर त्याचाच आवाज लावून त्याला का नाचवायचं? परवा तर एका हौशी मंडळाने पांढरा उंदीर दोऱ्याने बांधून डांबरी रस्त्याच्या कडेला सोडला होता. फोटो मिळाला असेल, पण रस्त्यावर आयतं खायची चटक लागलेलं घुबड एक दिवस ट्रकखाली जाणार. आमच्या ज्वारीतले उंदीर मग कोण खाणार?

पत्त्याचा मुद्दा याहून गंभीर. दिवाळीची अमावास्या, गुप्तधन, करणी, असल्या खुळांपायी घुबडं पकडली जातात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा असला तरी गिऱ्हाईक असतंच. पकडणाऱ्याला रात्र-रात्र रान तुडवून जे सापडत नाही, ते आपल्या एका ओळीने घरबसल्या मिळतं.

तेव्हा विनंती एवढीच. घुबडाच्या फोटोखाली फक्त जिल्हा लिहावा. अंडी-पिलांजवळचे फोटो, कितीही देखणे असले तरी, परत पाठवावेत. आणि छापलेला तो फोटो आपल्या संकेतस्थळावर अजून पत्त्यासकट आहे, त्यातली ओढ्याची ओळ तेवढी आजच काढून टाकावी.

– एक शेतकरी वाचक, पुरंदर तालुका