'अधिकृत विक्रेता' पाटीआधी करार वाचा

संपादक महोदय,

घोडबंदर रोड, उलवे, तळोजा या पट्ट्यांत नव्या इमारतींच्या तळमजल्यावर मोबाइल-लॅपटॉपची दुकाने भराभर उघडत आहेत. 'अधिकृत विक्रेता' ही पाटी मिळावी म्हणून काही तरुण मधल्या माणसाच्या हातावर अनामत ठेवतात, हे पाहून जीव तुटतो. छोट्या दुकानाची नेमणूक सहसा कंपनी थेट करत नाही, ती वितरकामार्फत होते. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाचा वितरक शोधावा. कंपनीच्या किंवा वितरकाच्या चालू खात्याखेरीज कुठेही एक रुपयाही भरू नये.

वितरक जीएसटी क्रमांक, पॅन, रद्द केलेला चेक, गाळ्याचा भाडेकरार आणि दुकानाचे फोटो मागतो. वस्तूंच्या व्यापाराला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही हे खरे, पण क्रमांकाशिवाय वितरकाकडे खाते उघडणे कठीण. कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरण्याची सवलत, सोपी वाटते, मोबाइलमध्ये मात्र ती अंगाशी येते. १०,००० रुपयांचा फोन १८ टक्के करासह ११,८०० ला पडला आणि १२,२०० ला विकला, तर नियमित नोंदणीत खरेदीवरचा कर वजा होऊन सुमारे ३३९ रुपये उरतात. कंपोझिशनमध्ये खरेदीवरचा कर परत मिळत नाही, वर उलाढालीवर १ टक्का, म्हणजे १२२ रुपये भरायचे. हाती राहतात २७८. शिवाय ऑफिसची गिऱ्हाइके तुटतात, कारण त्यांना कराचे बिल देता येत नाही.

खरी मेख करारात असते. अधिकृतपणा कोणत्या उत्पादनांसाठी, कोणत्या पत्त्यासाठी, किती तारखेपर्यंत आणि ऑनलाइन विक्रीला मुभा आहे का, हे आधी पाहावे. एका गाळ्यासाठी मिळालेले पत्र दुसऱ्या शाखेला आपोआप चालत नाही. किंमत उतरली की फरकाची भरपाई बहुधा ठरावीक दिवसांत घेतलेल्या आणि अॅक्टिव्हेट न झालेल्या मालावरच मिळते. त्यामुळे सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांत खपेल एवढाच माल उचलावा, वितरकाचा प्रतिनिधी कितीही गळ घालो. स्कीमचे, म्हणजे विक्रीवरच्या बक्षिसाचे, पैसे क्रेडिट नोटेने (वितरकाकडच्या खात्यात जमा दाखवून) मागाहून येतात, तेही टार्गेट पूर्ण झाले तर. ती रक्कम आधीच गिऱ्हाइकाला सूट म्हणून देऊन टाकली आणि टार्गेट चार फोनांनी हुकले, की महिनाभराची कमाई गेली. मग टार्गेट गाठायला दुसऱ्या व्यापाऱ्याला घाऊक माल देण्याचा मोह होतो. तो फोन परजिल्ह्यात अॅक्टिव्हेट झाला की आयएमईआयवरून, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून, कळते. या धंद्यात त्याला इन्फिल्ट्रेशन म्हणतात. त्यात क्लेम नाकारला जातो आणि नेमणूकही जाऊ शकते.

पेटीतूनच बंद निघालेला फोन आपल्या मर्जीने बदलून देऊ नये. आधी अधिकृत सेवा केंद्राचे 'डीओए' (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे मुळातच बंद आलेला फोन) प्रमाणपत्र घ्यावे, नाहीतर वितरक तो परत घेत नाही आणि नुकसान दुकानाच्या माथी बसते. हे प्रमाणपत्र घेण्याची मुदतही मोजक्या दिवसांची असते. बिल, पेटी आणि हँडसेट या तिन्हींवरचा आयएमईआय गिऱ्हाइकासमोर जुळवून घ्यावा.

स्वस्तातला बिनबिलाचा माल कोणी आणून देत असेल तर पेटीवर एमआरपी, उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा क्रमांक पाहावा. 'केवायएम' आणि पुढे १५ अंकी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोनची नोंद कळते. बिल असले तरी दर महिन्याला जीएसटी पोर्टलवरचे जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्याला मिळू शकणाऱ्या कर-वजावटीचे पत्रक, तपासावे. पुरवठादाराने विवरणपत्र भरले नसेल तर भरलेल्या कराची वजावट अडकते, आणि एवढ्या कमी मार्जिनमध्ये तो फटका सोसवत नाही.

विमा घेताना दुकान आणि गोदाम हे दोन्ही पत्ते पॉलिसीत लिहून घ्यावेत, पूर आणि घरफोडी दोन्हींसाठी. भांडवलासाठी मुद्रा कर्ज व्यापारालाही मिळते, तरुण गटात १० लाखांपर्यंत.

हे करार इंग्रजीत असतात आणि मुलगा शेवटच्या पानावर सही करून मोकळा होतो. किंमत-भरपाई, परत-माल आणि नेमणूक रद्द होण्याची कारणे, एवढ्या तीन कलमांचा मराठी गोषवारा वितरकांनी सहीआधी द्यावा, आणि ठाणे-नवी मुंबईच्या व्यापारी संघटनांनी त्यासाठी आग्रह धरावा, ही विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे