पॉपच्या इतिहासातून आम्हाला गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या आणि आजच्या पॉप संगीतावर मोठा लेख आला. नाझिया हसन, अलिशा चिनॉय, फ्रेडी मर्क्युरी, जॉर्ज मायकेल ही नावं मराठी दैनिकात एका पानावर सहसा दिसत नाहीत, म्हणून आनंद झाला. लेखकाचा अभ्यासही जाणवला. पण त्यांच्या मुख्य म्हणण्याला माझा विरोध आहे, आणि तो नोंदवला जावा म्हणून हे पत्र.

लेखक म्हणतात, जुने कलावंत सुरांवर भर देत, आजचे गायक खासगी आयुष्य गाण्यात आणतात, आपण कोण आहोत हेच सांगत बसतात, आणि म्हणून गाणं मागं पडलं. मी समलिंगी आहे. लाखांदूर तालुक्यात धानाची शेती करतो आणि शाळेत असल्यापासून पॉप ऐकत आलो आहे. खासगी आयुष्य जुन्यांच्याही गाण्यात होतं. ते आपल्यापर्यंत कोणी पोचू दिलं नाही, एवढाच काय तो फरक.

फ्रेडी मर्क्युरीचंच पाहा. तो पारशी, जन्म झांझिबारचा, शिक्षण पाचगणीला, तिथंच शाळकरी पोरांचा पहिला बँड, हे सगळं लेखात आलं. पाचगणी आपली, म्हणून अभिमानानं आलं. त्याच्या मृत्यूबद्दल मात्र 'अकाली निधन' असे दोनच शब्द. आपल्याला एड्स झाल्याचं त्यानं २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. त्याच्या आयुष्यात पुरुष जोडीदार होता. पाचगणी छापण्यात अडचण नव्हती, मग हे छापण्यात कोणती होती?

जॉर्ज मायकेलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझा जीव त्याच्यात अडकलेला आहे. फ्रेडीच्या स्मरणार्थ एप्रिल १९९२ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये कार्यक्रम झाला, त्यात जॉर्ज मायकेलनं फ्रेडीच्या क्वीन या बँडची गाणी म्हटली. ते चित्रण आजही पाहता येतं. तो जिवाच्या आकांतानं गातो. त्या काळात त्याचा जोडीदार अन्सेल्मो फेलेप्पा एचआयव्हीनं आजारी होता, आणि हे जगाला सांगायची सोय नव्हती. १९९३ मध्ये अन्सेल्मो गेला. १९९६ च्या सुरुवातीला 'जीझस टू अ चाइल्ड' आलं, ते त्याच्यासाठी केलेलं गाणं. जॉर्ज मायकेलनं आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं ते १९९८ मध्ये, तेही अमेरिकेत पोलिसांनी पकडल्यावर.

त्या गाण्याची कॅसेट माझ्या मावसभावानं नागपूरहून आणली होती. तेव्हा जवळच्या वडशाच्या बाजारात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की गाणी भरून मिळत, पण हिंदी नि मराठीच. इंग्रजी हवं तर नागपूर गाठावं लागे. मला इंग्रजी अर्धंमुर्धं समजायचं. तरी कोणीतरी गेलं आहे आणि गाणाऱ्याला मोठ्यानं रडता येत नाही, एवढं त्या आवाजावरून कळायचं. रात्री अंगणात खाटेवर पडून मी ते ऐकत असे. आई विचारायची, "काहून रे, एकच गाणं किती डाव आयकतस?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या गाण्यामागं एका पुरुषाचं दुसऱ्या पुरुषावरचं प्रेम आहे, असं एक वाक्य तेव्हा एखाद्या मराठी पेपरात छापून आलं असतं, तर माझी पुढची काही वर्षं वेगळी गेली असती. आपल्यासारखा माणूस जगात फक्त आपणच, असं समजून मी ती काढली. म्हणून या कलावंतांचं खासगी आयुष्य बाजूला ठेवा, असं कोणी म्हटलं की मला त्रास होतो. ते बाजूला ठेवलं, तर हे गाणं कोणासाठी रडतं आहे तेच कळत नाही.

आणि सगळेच जुने गप्प होते असंही नाही. ब्रॉन्स्की बीट हा ब्रिटिश बँड लेखातून पूर्ण सुटला आहे. त्यातले तिघंही उघड समलिंगी. १९८४ मध्ये त्यांचं 'स्मॉलटाउन बॉय' आलं. छोट्या गावातला पोरगा, घरच्यांना समजेना, पोरांनी मारलं, शेवटी तो एकटा गाव सोडून जातो, एवढीच कथा. त्याच वर्षीच्या त्यांच्या अल्बमच्या आतल्या वेष्टनावर युरोपातल्या कोणत्या देशात समलिंगी पुरुषांच्या संमतीचं वय किती, याची यादी छापली होती. ब्रिटनमध्ये तेव्हा ते २१ होतं. म्हणजे गाण्याबरोबर कायद्याचा कागद घरोघरी गेला. गाण्यातून आपण कोण हे सांगणं हे आजच्या पोरांचं खूळ असतं, तर चाळीस वर्षांपूर्वीच्या या कामाला काय म्हणायचं?

आपल्याकडच्या इंडिपॉपबद्दल लेखकाशी मी बराचसा सहमत आहे. ते दिवस गोड होते. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' १९९५ मध्ये आलं तेव्हा शेजारच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसायचे. लाकडी पेटीतून उघड्या अंगाचा मिलिंद सोमण बाहेर यायचा, वहिन्या पाहायच्या, काकू पाहायच्या, आणि त्यांच्यात बसून मीही पाहायचो. मला कोणी उठवलं नाही, टोकलं नाही. एक देखणा पुरुष पाहण्यासाठीच समोर आहे आणि मी तो पाहू शकतो, हे मला पहिल्यांदा त्या घरात मिळालं. पुढं फाल्गुनी पाठकच्या 'मेरी चुनर उड उड जाए'च्या व्हिडिओत चित्रातली मुलगी जिवंत होऊन खाली उतरते आणि घरात एकट्या राहणाऱ्या मुलीची सोबतीण होते. आमच्यासारख्या कितीतरी जणांनी ते आपलं म्हणून पाहिलं. बाकीच्यांनी मैत्री म्हणून पाहिलं. एकाच टीव्हीसमोर दोन्ही चालायचं, आणि हे त्या काळाचं देणं मी नाकारत नाही. शिवाय गाणं सगळ्यांचं असायचं. गावच्या मंडईच्या जत्रेत भोंग्यावर वाजायचं, वरातीत धुमाल पार्टीच्या, म्हणजे आमच्याकडच्या वाजंत्र्यांच्या, गाडीवर वाजायचं, लहानथोर एकाच तालावर नाचायचे. आज गावातला पोरगा कानात बोंड्या घालून बांधावर एकटा ऐकतो. ही उणीव लेखकानं बरोबर पकडली आहे.

पण त्या पोराच्या कानात आज काय आहे, तेही पाहावं. २०१९ मध्ये लिल नास एक्स या अमेरिकी गायकाचं 'ओल्ड टाउन रोड' तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत सलग १९ आठवडे पहिलं होतं. घोडा, रस्ता, गावरान ठेका. ते पहिल्या नंबरवर असतानाच त्यानं आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. फ्रेडीला मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत आजाराबद्दलही बोलता आलं नाही, जॉर्ज मायकेलला पोलिस येईपर्यंत थांबावं लागलं, आणि हा विशीतला पोरगा यशाच्या शिखरावर उभा राहून बोलला. लेखक याला दिखावा म्हणतात. मी याला सुटका म्हणतो. आपल्या देशातही समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ खालून आम्ही ६ सप्टेंबर २०१८ ला बाहेर आलो. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिला नाही. गाणं कायद्याच्या पुढं चाललेलं आहे, ते मागं पडलेलं नाही.

माझी तक्रार जुन्या आणि नव्या, दोन्ही पॉपबद्दल आहे, आणि ती लेखात कुठेच नाही. चॅपल रोन ही आजची गाजलेली गायिका, मिसुरी राज्यातल्या छोट्या गावची, उघड समलिंगी. तिचं २०२० मधलं 'पिंक पोनी क्लब' म्हणजे गावाकडची मुलगी आईला दुखवून मोठ्या शहरातल्या क्लबात नाचायला जाते, त्याचं गाणं. १९८४ चा पोरगा गाव सोडतो, २०२० ची पोरगीही गाव सोडते. शहरात गेल्याशिवाय आमच्यासारख्याला गाण्यातही जागा मिळत नाही. मी गेलो नाही. वडील गेल्यावर धानाच्या बांध्या बघायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला जायचंही नव्हतं. धानाचे पऱ्हे टाकणं, रोवणी, चुरणा, म्हणजे रोपांपासून मळणीपर्यंतची कामं, हे माझं आयुष्य आहे आणि ते मला आवडतं. गावात राहून, आईची सेवा करून, चुलबंद नदीच्या काठावर शेती करत एखाद्या पुरुषावर जीव लावणाऱ्याचं गाणं मला ना जुन्या कॅसेटमध्ये मिळालं, ना मोबाईलवर.

ते गाणं लंडन-अमेरिकेहून येणार नाही, इथंच व्हायला हवं, आणि आपल्याकडं त्याची जमीन आहे. खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात लुगडं नेसून नाचणाऱ्या पुरुषावर याच गावांनी नोटा ओवाळल्या. ढोलकी, टाळ, चोनका यांच्या साथीनं रात्रभर त्याला ऐकलं. सकाळी तोच माणूस जरा लचकत चालला की 'बायल्या' म्हणून हिणवलं, हेही मी पाहिलं आहे. रात्री दिलेला मान सकाळीही टिकावा, एवढीच अपेक्षा आहे. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाहून कंपन्या गावोगाव जातात, दर वर्षी नवी नाटकं आणि नवी गाणी लिहिली जातात. हुंडा, दारू, कर्जबाजारी शेतकरी असे विषय या रंगभूमीनं धीटपणे मांडले आणि आमच्या लोकांनी ते डोक्यावर घेतले. त्याच गीतकारांना माझं कळकळीचं सांगणं आहे, दोन पुरुषांच्या प्रेमाचं एक सरळ गाणं लिहा. विनोदी पात्राच्या तोंडी नको, नायकाच्या तोंडी द्या. चाल चांगली असेल तर धुमालवाले ते स्वतःहून उचलतील.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचं आपण छापलं आहे. आपला पेपर आमच्या गावच्या वाचनालयात येतो आणि पुरवणी शाळेतली पोरंच आधी उचलतात. म्हणून विनंती एवढीच, की त्या भागात ब्रॉन्स्की बीटला जागा द्यावी, 'जीझस टू अ चाइल्ड' कोणासाठी केलं ते लिहावं, आणि फ्रेडी मर्क्युरी कशानं गेला ते स्पष्ट छापावं.

आपला,
एक वाचक,
ता. लाखांदूर, जि. भंडारा
(नाव व पत्ता आपल्याकडे पाठवला आहे. आई थकलेली आहे, तिला गावात कोणी बोलू नये म्हणून तो छापू नये.)