सॉमरव्हिलमधली बोंडं

सॉमरव्हिल, मॅसॅच्युसेट्स
मार्चअखेर

प्रिय बाबू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना उलटला. रोज उत्तर लिहीन म्हणत होतो, पण आज हातात पेन आलं ते एका वासामुळे.

काल संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात काजूच्या बोंडांचा वास सुटला होता. बाहेर रस्त्याच्या कडेला काळवंडलेला बर्फ अजून पडून आहे, खिडक्या बंद, हीटर चालू आणि घरात बोंडांचा वास! तुला सांगायला नको तो कसला वास ते. तुमच्या बागेत बी पिरगळून काढली की आपण बोंडं बांधाच्या कडेला टाकायचो, दुपारपर्यंत त्या ढिगाला आंबूस-गोड वास यायला लागायचा, माश्या घोंघावायच्या. अंगरख्यावर रस सांडला की डाग कायमचा, म्हणून काकी जुने कपडे घालायला लावायची. मीठ लावून खाल्लं तरी घसा खवखवायचाच. तो अख्खा मार्च-एप्रिल काल माझ्या ओट्यावर एका काचेच्या पेल्यात होता.

झालं असं. इथून दहा मिनिटं चाललं की युनियन स्क्वेअर लागतो. २०२२ साली तिथवर ट्राम आली, तेव्हापासून भाडी वाढली आणि जुनी दुकानं एकेक करून जायला लागली, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण ब्राझिलियन दुकानं अजून आहेत. त्यातल्या एका छोट्या दुकानात मी कॉफीसाठी जातो. शनिवारी मागच्या बाजूच्या फ्रीझरमध्ये सहज डोकावलो, तर फळांच्या गराची चपटी पाकिटं रचून ठेवलेली. पॅशनफ्रूट, पेरू, असेरोला आणि एका पाकिटावर लालपिवळं बोंड, खाली लोंबणारी करडी बी. वर रोमन अक्षरांत लिहिलेलं, काजू. फ्रीझरचं दार हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे, काचेवर वाफ धरली. दुकान चालवणाऱ्या बाई आल्या. सगळे त्यांना ‘दोना’ म्हणतात, आपण ‘बाई’ किंवा ‘काकी’ म्हणू तसं. मी पाकीट दाखवून म्हटलं, हे आमच्या गावात होतं. त्यांना खरंच वाटेना. मग म्हणाल्या, पण भारतीय माणसं तर नुसती बी खातात ना?

बघ, त्यांच्या पोर्तुगीज भाषेत ‘काझू’ म्हणजे बोंड. आपण ज्याला काजू म्हणतो, त्याला ते ‘काजूचं बी’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. झाड त्यांचंच. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचं. तिथल्या तुपी लोकांनी त्याला ‘अकाजू’ म्हटलं, पोर्तुगीजांनी नाव उचललं आणि सोळाव्या शतकात नावासकट झाड गोव्याला आणून लावलं. तिथून ते आपल्या कातळावर पसरलं. आणि आपल्याकडे तर त्याच्यावर इतकं काम झालं की वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राची ‘वेंगुर्ला-४’ नि ‘वेंगुर्ला-७’ ही कलमं लोक लांबून येऊन नेतात. पण जगात नाव झालं ते बीचं. इथल्या भारतीय दुकानात काजू हवे तितके मिळतात, अख्खे, पाकळी, खारवलेले, मिरी लावलेले. बोंड कुठेच नाही. कसं असणार? झाडावरून उतरलं की दिवसभरसुद्धा धड टिकत नाही. ब्राझीलच्या लोकांनी मात्र त्याचा गर काढून गोठवला आणि जिथे गेले तिथे बरोबर नेला, कारण त्यांना बोंड हवंच असतं. आपण बोंडं बांधावर टाकली, फार तर फेणीला दिली. हे मला कालपासून टोचतंय.

तू पत्रात विचारलंयस, ‘तिकडे आपलं जेवण मिळतं का?’ मिळतं. डाळी, पिठं, मसाले, लोणची, सगळं. वॉल्थममध्ये तर भारतीय दुकानांची रांग आहे. पण तिथे ‘आपलं’ म्हणजे पनीर, नान, फ्रोझन पराठे. आपल्या सिंधुदुर्गाचं म्हणून फारसं काही नाही. पहिली दोन वर्षं मी त्याच दुकानांत हिंडत राहिलो आणि दर खेपेला उदास होऊन परत आलो. मग हळूहळू कळलं की आपल्या ताटातल्या वस्तू शोधायच्या तर दुसऱ्यांच्या दुकानांत जायला हवं. त्यातही ब्राझिलियन दुकानात आधी.

शब्दांपासूनच घे. तिथे बटाट्याला ‘बटाटा’ म्हणतात. पाव म्हणजे पाव, जरा नाकातून म्हणायचा. शनिवारी भाजीच्या टोपलीवर पाटी होती, ‘कोवी’. मी विचारलं हे काय, तर मोठी हिरवी पानं. आपली कोबी हा तोच शब्द! साबण, चावी, बादली हे पोर्तुगीजांकडून आलेत हे शाळेत पाठ केलं होतं. पण बॉस्टनच्या थंडीत एक अनोळखी बाई पावाची पिशवी पुढे करून ‘पाव?’ असं विचारते, तेव्हा आत काय होतं ते पाठांतराने कळत नाही रे.

ही माणसं आली कुठून, हेही ऐक. बरीचशी मिनास जेराइस राज्यातल्या गोव्हेर्नादोर वालादारिस या एका शहरातून आणि त्याच्या आसपासच्या गावांतून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अभ्रक हवं होतं, ते त्या भागात सापडायचं, म्हणून अमेरिकन इंजिनियर तिकडे गेले. ओळखी झाल्या. मग साठच्या दशकात काही जण बॉस्टनकडे आले आणि ऐंशीच्या दशकात तिकडे महागाईने कंबरडं मोडलं तेव्हा घरंच्या घरं आली. साफसफाई, बांधकाम, हॉटेलातली भांडी, मिळेल ते काम. इथून पश्चिमेला फ्रेमिंगहॅम म्हणून गाव आहे. गाव कसलं, २०१८ पासून कागदोपत्री शहरच. लोकल गाडीने उतरलं की पाट्या पोर्तुगीजमध्ये, बेकऱ्या, न्हाव्याची दुकानं, आणि जवळपास प्रत्येक वाणसामानाच्या दुकानात दाराशीच पैसे पाठवायची खिडकी. शुक्रवारी संध्याकाळी तिथे रांग लागते. अंगावर सिमेंटचे शिंतोडे, हातात नोटा, तोंडात बायकोचं नाहीतर आईचं नाव. मी त्या रांगेकडे बघितलं आणि मला माझे आजोबा दिसले. गिरणीतून मनीऑर्डर करायचे ते, चतुर्थीच्या आधी थोडे जास्त. वालादारिस म्हणजे त्यांचं कोकण आहे बाबू. तिथली घरंही अशीच बाहेरून येणाऱ्या पैशांवर उभी राहिलीत.

आता साबुदाण्याची गोष्ट. गेल्या आषाढीला मी उपास धरला होता आणि ऐन आदल्या संध्याकाळी बघतो तर घरात साबुदाणा नाही. दोनाकडे गेलो. साबुदाणा ज्या कंदाचा, तो मांदिओका, म्हणजे आपण टॅपिओका म्हणतो तो, मूळचा त्यांच्याकडचाच. अॅमेझॉनच्या बाजूचे मूळ रहिवासी तो हजारो वर्षं पिकवत आलेत. कडू जातीच्या कंदात विष असतं, म्हणून किसून, वेताच्या लांब विणलेल्या नळीत भरून पिळतात आणि मग भाजतात. पिळलेल्या पाण्याच्या तळाशी जे पांढरं सत्त्व बसतं, ते वाळवलं की झालं पीठ. काकी कुरडयांसाठी गहू भिजवून तळाचा चीक काढते ना, अगदी तसंच. दोनाच्या दुकानात त्या एका कंदाची दहा तरी रूपं आहेत. भाजलेला रवा, जाड, बारीक, पिवळा, पांढरा, मोत्यांसारखे दाणेसुद्धा. दाण्यांना ते ‘सागू’ म्हणतात आणि दक्षिण ब्राझीलमध्ये म्हणे ते रेड वाइनमध्ये शिजवतात!

माझा उपास ऐकून त्यांनी दाणे दिलेच नाहीत. ओलसर, भुरभुरीत सत्त्वाची एक पिशवी काढली आणि मला आत बोलावलं. तवा तापवला, कोरडाच, तेल-तूप काही नाही. त्यावर ते पांढरं पीठ चाळणीतून सारखं भुरभुरलं. मी म्हटलं, जळेल. त्या हसल्या. अर्ध्या मिनिटात कडा धरायला लागल्या, कण एकमेकांना चिकटले आणि पाणी न घालता धिरडं तयार. उलटलं, वर खवलेला नारळ आणि साखर, घडी घातली. बाहेरून जरा चिवट, आतून मऊ. मी घरी येऊन साखरेऐवजी त्यांच्याकडचाच गूळ घालून केलं. हो, गूळ! ‘रापादुरा’ म्हणतात, ढेप छोटी विटेसारखी, वास हुबेहूब. द्वादशीला पारणं सोडलं तेसुद्धा त्याच धिरड्याने.

त्यांच्या पाव-दे-केजूबद्दल मात्र मी लिहीत बसलो तर पत्र संपणार नाही. चीजचे छोटे गोळे, गहू औषधालाही नाही. त्यात घालायचं टॅपिओकाचं पीठ मुद्दाम आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. ऊन लागलं नाही तर भट्टीत गोळे फुगत नाहीत, असं दोना ठासून सांगतात. पापड-कुरडयांसाठी उन्हाची वाट बघणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ते लगेच पटतं.

शनिवारी त्यांच्याकडे फेजोआदा असतो. काळा राजमा डुकराच्या मांसाबरोबर तासन्‌तास शिजवलेला, बाजूला भात, लसणावर परतलेली बारीक चिरलेली ती कोवी, संत्र्याच्या फोडी, आणि वर भाजलेला टॅपिओकाचा रवा भुरभुरायचा. ताट काट्यावर ठेवतात आणि वजनावर पैसे घेतात. संत्र्याची फोड मधे का खातात ते पहिल्या घासाला कळत नाही, पाचव्या घासाला कळतं.

बाकीची दुकानंही सापडत गेली. वॉटरटाउनला आर्मेनियन लोकांच्या बेकऱ्या आहेत, १९१५च्या कत्तलीनंतर जीव वाचवून आलेल्यांच्या नातवंडांच्या. पातळ पोळीवर खिमा पसरून भाजतात, गरम असताना लिंबू पिळून खायचं. लोवेलला कंबोडियन वस्ती मोठी आहे, तिथल्या दुकानात शिरलो तर आंबवलेल्या मासळीचा असा वास, की मालवणच्या सुक्या बाजारात उभा आहे असं वाटलं. ईस्ट बॉस्टनला एल साल्व्हादोर देशातल्या बायका मक्याच्या जाड भाकऱ्या हातावर थापतात, आत चीज नाहीतर राजमा भरून. आणि तिरफळ! तुझ्याकडून आलेली तिरफळं संपल्यावर मी बांगड्याचं तिखलं करणंच सोडलं होतं. मग चायनाटाउनमध्ये सिचुआन मिरी हाताला लागली. तिरफळाचीच भावकी ती. वास थोडा वेगळा, लिंबाकडे झुकणारा, पण जीभ तशीच बधिर होते. इथला मॅकरेल आपल्या बांगड्याहून तेलकट असतो. त्या मिरीने केलेलं तिखलं मी दोन दिवस पुरवून खाल्लं.

तरी परत परत पाय वळतात ते दोनाच्या दुकानाकडे. काल बोंडाचा गर घेऊन निघताना मी त्यांना विचारलं, तुमच्याकडून काजू आमच्याकडे आला, आमच्याकडून काही तुमच्याकडे गेलं का? त्या म्हणाल्या, ‘जाका’. मला क्षणभर कळलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी आकार दाखवला, बोटांनी काटे काढले. फणस! मलयाळी ‘चक्क’चा पोर्तुगीजांनी ‘जाका’ केला आणि झाड नेऊन तिकडे लावलं. रिओ शहरावरच्या तिजुकाच्या जंगलात आता फणसच फणस आहेत. आंबासुद्धा आपल्याच बाजूने गेला. दोनांच्या आजीच्या परसात फणसाचं झाड होतं. पण घरात पिकलेलेच गरे खायचे. कोवळ्या फणसाची भाजी होते, हे त्यांनी कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. मी त्या कोवळ्या फणसाच्या, आपल्या कुयरीच्या भाजीचं वर्णन केलं तर त्या काउंटरवर कोपर टेकून ऐकत राहिल्या, गिऱ्हाईक खोळंबलं तरी. शेवटी म्हणाल्या, करून आण.

मी हो म्हणून बसलोय. कोवळा फणस व्हिएतनामी दुकानात मिळेल, डॉर्चेस्टरला, मिठाच्या पाण्यातला डब्यातला. ताजा नाही, पण धुऊन घेतला की चालेल असं वाटतं. ओलं खोबरं आहे, काळे वाटाणेही मागच्या खेपेला आणलेले आहेत. आईच्या हातची आठवते ती नुसती चव, कृती मी कधी विचारून घेतली नाही आणि आता विचारायला ती नाही. म्हणून काकीला विचारून लगेच कळव. वाटाणे आधी शिजवून घ्यायचे की फणसाबरोबरच टाकायचे? आणि लसूण ठेचून फोडणीत घालते ना ती, की खोबऱ्याबरोबर वाटते? पुढच्या शनिवारपर्यंत उत्तर हवं. फोनच कर, तुमची रात्र असली तरी चालेल.

काकीला नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
भाई