बारा बाळं, एक फोटो

प्रिय अव्या,

सोबतचा फोटो आधी उघडू नकोस. पत्र वाच, नाहीतर तू एका नजरेत निकाल देऊन मोकळा होशील. तब्येत ठीक, गुडघाही बरा आहे.

गेल्या रविवारी बारा बाळांचा एकत्र फोटो काढला. गरोदरपणातल्या व्यायामाच्या वर्गात ओळख झालेल्या बारा जणी, सगळ्यांची बाळं सात ते नऊ महिन्यांची. मोठ्यांच्या ग्रुपमध्ये आपल्याला धास्ती असते पापण्यांची. इथे ती नाही. मोठं माणूस मिनिटाला पंधरा-वीसदा पापणी लववतं, बाळ जेमतेम दोन-तीनदा. अडतं ते बाकी सगळ्यात. हिशेब करून बघ. प्रत्येक बाळ पाचातले चार क्षण शांत असतं असं धरलं, तरी बाराही एका क्षणी शांत सापडण्याची शक्यता १०० त ७. निम्माच वेळ शांत धरलं तर ४,०९६ त १! त्यात एकाचं रडणं दुसऱ्याला लागतं. १९७१ साली नवजात बाळांवर प्रयोग झाला होता. दुसऱ्या बाळाचं रडणं ऐकवलं की ती रडत, यंत्राने केलेल्या तशाच आवाजाला मात्र तेवढी रडत नसत. म्हणजे जे मिळायचं ते पहिला सूर लागायच्या आत.

म्हणून सगळी तयारी बाळांना बसवण्याआधीच केली. सोफा नको, जमिनीवर जाड गादी. मागे लोड, कारण या वयात बसता येतं पण कधी कलंडतील नेम नाही. खिडकीचा उजेड, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर सेकंदाच्या २५० व्या भागापेक्षा संथ नाही. आया माझ्या दोन्ही बाजूंना, हात पोचेल इतक्या जवळ. सगळ्यांत चळवळ्या बाळाला शेवटी बसवलं. खुळखुळा लेन्सच्या अगदी वर धरला, तोही एकदाच, दुसऱ्यांदा कुणी ढुंकून बघत नाही. आठव्या महिन्याच्या आसपास अनोळखी चेहऱ्याची भीती बसते, त्यामुळे मी तोंड कॅमेऱ्यामागून काढलंच नाही. तुझी दाढी तिथे असती तर बाराही एका सुरात लागली असती.

आणि फोटो मिळाला, अव्या. डावीकडून चौथी मुलगी रडतेय. तोंड पूर्ण उघडं, खालच्या हिरडीत दोन दात, गालावर एकच थेंब. शेजारच्या मुलाने तिचा पायमोजा मुठीत धरलाय आणि तो तिच्या तोंडाकडे बघतोय, काय झालं असं विचारल्यासारखा. त्याच्यापलीकडची दोघंही तिच्याकडेच वळलेली. टोकाचा एक मात्र स्वतःचा अंगठा चोखण्यात गर्क. इतकी वर्षं हे काम करतोय, बाळं एकमेकांकडे बघतानाचा इतका खरा फोटो माझ्याकडे दुसरा नाही.

मुलीची आई म्हणाली, दुसऱ्या फोटोतला हसरा चेहरा इथे लावा. दहा मिनिटांचं काम आहे. तिचंही काही चुकीचं नाही रे. बाकी अकरा घरांत तो लागणार आणि सगळीकडे तिचीच लेक रडणार. माझीच का, असं तिने विचारलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

पण चेहरा बदलला तर ती तिघं कशाकडे बघतायत? त्या मुलाची मूठ कशासाठी? एका चेहऱ्यापायी चार चेहरे खोटे पडतात. आता तू म्हणशील, उजव्या कडेला आईचा आधाराचा हात होता तो कसा पुसलास? पुसला. पूर्वी एक्स्पोजर लांब असायचं, म्हणजे एका फोटोला बराच वेळ स्थिर बसावं लागायचं, तेव्हा आयांना कापडाखाली लपवून मांडीवर बाळ बसवत, तसंच हे. हात बाळ पडू नये म्हणून होता, फोटोत घडत असलेल्या गोष्टीत तो नव्हता. हा फरक मला पटतो. तुला पटणार नाही, कारण सहलीच्या फोटोत न आलेल्या पक्याला डार्करूममध्ये जोडून दिलंस तेव्हापासून आपलं हेच भांडण चालू आहे. त्याची सावली उलट्या बाजूला पडली होती, अजून सांगतो. तू मला रेलँडर सुनावला होतास, १८५७ साली तीसेक निगेटिव्ह जोडून एक फोटो करणारा. त्याचंच डार्विनच्या चेहऱ्यावरच्या भावनांवरच्या १८७२ च्या पुस्तकातलं रडणारं बाळ आठव. फोटोवरून खडूने चित्र काढून त्याचा पुन्हा फोटो घेतलेला. हातचलाखी होती, कबूल. पण त्याने रडणं ठळक केलं, पुसलं नाही.

माझ्या मनात असं आहे की आईला दुसरा अखंड फोटो द्यावा. त्यात तिची लेक शांत आहे, दुसरं एक बाळ तोंड फिरवून बसलंय. बाराजणींनी दोन्ही बघून ठरवावं. पण मग दुसऱ्या बाळाची आई तोच प्रश्न घेऊन येईल, आणि मी पुन्हा गप्प.

बदलीचं कळलं. वहिनींना नवी जागा आवडली का? धाकट्याचा निकाल कळव, आणि सरांना भेटायला जाशील तेव्हा माझा नमस्कार सांग.

आता फोटो उघड. जोडाजोडीची बाजू घ्यायची असेल तर जरूर घे, पण त्या मुलाच्या मुठीचं काय करायचं ते सांगून घे. शुक्रवारी बाराजणी येणार आहेत, त्याआधी फोन कर.

तुझा,
दिल्या